विद्यार्थी-वसतिगृहे आणि उच्च शिक्षणातील टिकाव : कोल्हापूर, सातारा व औरंगाबाद (१८९६–१९५८)

१. विषयप्रवेश

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्या दिवसापासून विद्यापीठाचे दार कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या विद्यार्थ्यास मोकळे होते. प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणे आणि शुल्क भरणे, एवढीच अट होती. तथापि पुढील अर्धशतकात पदवीधरांच्या यादीत शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानलेल्या जातींची नावे अगदी विरळ आढळतात. दार उघडे असूनही माणसे आत का आली नाहीत, आणि जी आली त्यांतील पुष्कळशी अर्ध्यावरून परत का गेली, हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर बहुधा दोन शब्दांत दिले जाते : दारिद्र्य आणि अनास्था. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे.

अपुरे म्हणण्याचे कारण असे की, त्याच काळात अत्यंत दरिद्री घरांतील अनेक ब्राह्मण विद्यार्थी पुणे, मुंबई व कोल्हापूर येथे राहून पदवीपर्यंत पोचले. त्यांच्या चरित्रांतून व आत्मचरित्रांतून हालअपेष्टांची जी वर्णने येतात, ती वाचकाच्या मनात त्यांच्या जिद्दीविषयी आदर उत्पन्न करतात, आणि तो आदर योग्यही आहे. परंतु त्या वर्णनांतच एक गोष्ट सहज येऊन जाते, जिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. तो विद्यार्थी वार लावून जेवत असे, किंवा माधुकरी मागत असे. म्हणजे परक्या गावात सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी त्याच्या अन्नाची सोय लागत असे; आणि ही सोय देणारी घरे त्याला याचक न मानता विद्यार्थी मानीत. दानधर्माच्या परंपरेने निर्माण केलेली ही एक व्यवस्थाच होती. ज्यास आपण त्या विद्यार्थ्याचा चिवटपणा म्हणतो, त्याच्या मुळाशी ही व्यवस्था होती.

कुणब्याच्या, मुसलमानाच्या, लिंगायताच्या वा महाराच्या मुलास ही व्यवस्था उपलब्ध नव्हती. शहरात त्याला खोली मिळणे दुर्घट, खाणावळीत जातीचा प्रश्न आडवा, आणि आजारी पडल्यास जवळ कोणी नाही. त्याची बुद्धी वा जिद्द कमी होती असे मानण्यास काहीच आधार नाही. कमी होते ते त्या जिद्दीस टेकण्यासाठी लागणारे स्थान. वसतिगृहांचा इतिहास हा या उणिवेच्या परिहाराचा इतिहास आहे, आणि म्हणूनच विविध समाजांतील विद्यार्थ्यांना सामावून घेणे व त्यांचा टिकाव लागणे या दोन गोष्टींचा संबंध तपासण्यास तो विशेष उपयुक्त ठरतो. प्रस्तुत निबंधात कोल्हापूर, सातारा आणि औरंगाबाद येथील तीन प्रयोगांचा या दृष्टीने विचार केला आहे. पहिला प्रयोग वेगळ्या छपरांचा, दुसरा एका पंगतीचा आणि तिसरा संपूर्ण महाविद्यालयाचा.

२. कोल्हापूर : एक फसलेला आरंभ आणि त्याचा बोध

राजर्षी शाहू छत्रपतींनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, त्या वेळी कोल्हापूर संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. राजाराम महाविद्यालय गावातच होते. तेव्हा शिक्षणाची सोय नाही, असे कोणी म्हणू शकत नव्हते. महाराजांनी १८९६ साली या महाविद्यालयाशी संलग्न असे एक वसतिगृह काढले. ते सर्व जातींच्या हिंदू विद्यार्थ्यांसाठी होते. हेतू स्पष्ट होता आणि नियमही निर्दोष होता. परंतु काही वर्षांतच असे दिसून आले की, ते व्यवहारतः ब्राह्मण विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले आहे. इतर समाजांचे विद्यार्थी तेथे फारसे टिकले नाहीत.

या अनुभवाचे महत्त्व फार मोठे आहे. वसतिगृहाच्या दारावर कोणासही मज्जाव नव्हता. तरीही ज्या घरातील रीतिभाती, ज्या स्वयंपाकघरातील सोवळेओवळे, ज्या व्यवस्थापनाची नजर आणि ज्या बहुसंख्य सोबत्यांची भाषा एका विशिष्ट समाजाची असते, त्या घरात दुसऱ्या समाजातील एकटादुकटा मुलगा पाहुण्यासारखा राहतो, आणि पाहुणा फार दिवस राहत नाही. त्याला कोणी हाकलून दिले असेलच असे नाही. तो आपण होऊनच निघून जातो, आणि त्याच्या जाण्याची नोंद ‘अनास्था’ या सदरात होते. प्रवेश देणे आणि सामावून घेणे यांतील अंतर एवढ्या लहान उदाहरणातही पूर्णपणे दिसून येते.

महाराजांनी या अनुभवापासून जो निष्कर्ष काढला, तो त्या काळी अनेकांना विचित्र वाटला आणि आजही वादाचा विषय होऊ शकतो. १८ एप्रिल १९०१ रोजी ‘व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग’ची स्थापना झाली. पांडुरंग चिमणाजी पाटील हा शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी सहाय्य मागण्यास महाराजांकडे आला, आणि त्याच्या राहण्या-जेवण्याच्या सोयीच्या विचारातून या वसतिगृहाची कल्पना आकारास आली, असे सांगितले जाते. हेच पी. सी. पाटील पुढे कृषिखात्यात नावारूपास आले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. त्यानंतर १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०७ साली लिंगायत विद्यार्थ्यांसाठी आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी ‘मिस क्लार्क’ वसतिगृह स्थापन झाले. हे शेवटचे नाव मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येवरून दिलेले होते. पुढे दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, कायस्थ प्रभू, ख्रिस्ती, चर्मकार इत्यादी समाजांसाठीही वसतिगृहे निघत गेली. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले, तोपर्यंत कोल्हापुरास ‘विद्यार्थी वसतिगृहांची माता’ हे नाव रूढ होण्याइतकी त्यांची संख्या झाली होती.

या वसतिगृहांच्या रचनेत एक सूत्र दिसते. संस्थानाकडून जागा, इमारत, जमिनीचे उत्पन्न वा वार्षिक अनुदान मिळे. मात्र चालविण्याचा भार त्या त्या समाजातील मंडळींवर असे, आणि समाजाकडून वर्गणीही गोळा केली जाई. त्यामुळे विद्यार्थ्याचा आश्रय हा केवळ राजाची कृपा राहिला नाही. आपल्या गावचे, आपल्या बोलीचे, आपल्याच अडचणींतून वर आलेले कोणी तरी आपल्याकडे लक्ष ठेवून आहे, ही जाणीव त्याला मिळाली. अभ्यास कसा करावा, परीक्षेचा अर्ज कोठे द्यावा, इंग्रजीची धास्ती कशी घालवावी, या गोष्टी ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण आहे तेथे मुलास न सांगता कळतात. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यास त्या वरच्या वर्गातील सोबत्याकडूनच कळू शकतात. असा सोबती भेटण्याचे ठिकाण म्हणजे ही वसतिगृहे होत.

याच्या जोडीला २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध जाहीरनामा लक्षात घेतला पाहिजे. संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्या, अशी त्यात आज्ञा होती. वसतिगृह आणि जाहीरनामा या दोन स्वतंत्र सुधारणा म्हणून पाहण्याची पद्धत आहे. परंतु विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिल्यास त्या एकच आहेत. ‘शिकून पुढे काय?’ हा प्रश्न शेतकरी बाप आपल्या मुलास विचारीत असे, आणि परीक्षेत एकदा अपयश आल्यावर मुलगा तो स्वतःलाच विचारू लागे. त्या प्रश्नास उत्तर असल्याखेरीज दुसऱ्यांदा परीक्षेस बसण्याचे धैर्य येत नाही. टिकाव धरण्याच्या शक्तीत आशेचा वाटा किती मोठा असतो, हे येथे ध्यानात येते.

३. वेगळ्या छपरांची मर्यादा

जातवार वसतिगृहांवरील आक्षेप उघड आहे. जातिभेद मोडण्याचे ध्येय असेल, तर जातींच्या नावाने घरे का बांधावी? महाराजांच्या धोरणाचे समर्थन असे करता येते की, ही घरे जातीत राहण्यासाठी नसून जातीमुळे आलेली अडचण ओलांडण्यासाठी होती. मराठा बोर्डिंगमध्ये प्रारंभी काही मुसलमान विद्यार्थ्यांनाही ठेवण्यात आले होते, आणि १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याची आज्ञा काढली. यावरून पृथक् व्यवस्था हे त्यांचे अंतिम ध्येय नव्हते, हे स्पष्ट होते. विद्यार्थी प्रथम आपल्या माणसांत सावरावा आणि मग सर्वांच्या वर्गात निर्भयपणे बसावा, असा हा क्रम होता.

तथापि घर बांधले की त्याचे कुंपणही तयार होते. याचे बोलके उदाहरण खुद्द कोल्हापुरातच घडले. कर्मवीर भाऊराव पाटील हे विद्यार्थीदशेत जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी दिली आहे. जे छप्पर एका अल्पसंख्य समाजाच्या मुलांना आधार देण्यासाठी उभारले गेले, त्याच छपराखालून एका मुलाला बाहेर जावे लागले, कारण तो आणखी दुबळ्या समाजाच्या आनंदात सहभागी झाला होता. सामावून घेण्याची क्रिया एका पायरीवर थांबली की ती स्वतःच वगळण्याचे साधन बनते, हा या घटनेचा अर्थ. भाऊरावांच्या पुढील कार्याचे मूळ या अनुभवात शोधणे अवास्तव होणार नाही.

आणखी एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. ही वसतिगृहे प्रायः मुलग्यांसाठी होती. कोल्हापुरात रखमाबाई केळवकर व त्यांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई यांच्यासारखी ठळक उदाहरणे आढळतात आणि महाराजांनी कृष्णाबाईंच्या वैद्यकीय शिक्षणास साहाय्यही केले. पण अशी उदाहरणे व्यक्तिशः साहाय्याची आहेत. बहुजन समाजातील मुलींसाठी, मुलांच्या वसतिगृहांच्या तोडीची अशी व्यापक व्यवस्था त्या काळी उभी राहिली नाही, आणि त्याचे परिणाम पुढील दोन पिढ्यांतील पदवीधर स्त्रियांच्या अल्पसंख्येत दिसून येतात.

४. सातारा : एक पंगत

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली सातारा येथे वसतिगृह सुरू केले. संस्थेच्या आरंभीच्या उद्दिष्टांतच निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांमध्ये परस्परांविषयी प्रेम उत्पन्न करणे हे एक उद्दिष्ट होते. त्यास अनुसरून या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र राहत व एका पंगतीस जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या संस्थेस ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नाव देण्यात आले. ज्या राजाने जातवार वसतिगृहे काढली, त्याचे नाव सर्व जातींच्या एकत्र वसतिगृहास मिळावे, यात विसंगती नाही. पहिल्या प्रयोगाचा पुढचा टप्पा म्हणूनच दुसऱ्याकडे पाहिले पाहिजे.

येथे प्रश्न असा उपस्थित होतो की, १८९६ साली कोल्हापुरात जे साधले नाही ते १९२४ नंतर साताऱ्यात कसे साधले? सर्वांना खुले असलेले वसतिगृह एका ठिकाणी निष्फळ ठरले आणि दुसऱ्या ठिकाणी फळास आले, याची कारणे तीन दिसतात.

पहिले कारण श्रमाचे आहे. शाहू बोर्डिंगमध्ये दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम, बांधकाम ही सर्व कामे विद्यार्थीच करीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे घोषवाक्य या व्यवहारातून आलेले आहे. जातीची उतरंड मुख्यतः कामांच्या वाटणीवर उभी असते. एकाने झाडावे आणि दुसऱ्याने जेवावे, यात ती दिसते. ज्या घरात झाडण्याची पाळी सर्वांना येते आणि भाकरी भाजण्याची पाळीही सर्वांना येते, तेथे या उतरंडीचा पाया ढासळतो. शिवाय श्रम करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात आपण कोणाच्या उपकारावर जगत आहो, ही टोचणी राहत नाही. दयेने मिळालेल्या अन्नावर शरीर टिकते, पण आत्मविश्वास टिकेलच असे नाही.

दुसरे कारण संख्येचे आहे. तेथे कोणताही मुलगा एकटा नव्हता. खेड्यातून आलेला, अनवाणी, पहिल्या पिढीचा विद्यार्थी हा त्या घरात अपवाद नसून तोच नियम होता. जातीने भिन्न असली तरी परिस्थितीने ती मुले एकसारखी होती, आणि या समान परिस्थितीमुळे त्यांना एकमेकांची अडचण समजावून सांगावी लागत नसे.

तिसरे कारण घरपणाचे आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सनातनी वळणाच्या घरातून आल्या होत्या. तरीही त्यांनी या मुलांना आपली मानले. वसतिगृहात धान्य संपले असता त्यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले, ही गोष्ट साताऱ्यात सर्वश्रुत आहे. १९३० साली त्यांचे निधन झाले. या त्यागाचे भावनिक मोल बाजूस ठेवून केवळ व्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले, तरी त्याचे महत्त्व कमी होत नाही. संकटसमयी संस्था विद्यार्थ्यांना घरी पाठविते की त्यांच्यासाठी आपल्या जवळचे मोडते, यावरून ते घर कोणाचे आहे हे विद्यार्थ्यास कळते.

हा प्रयोग उच्च शिक्षणापर्यंत पोचला तो १९४७ साली. त्या वर्षी साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. ते विनाशुल्क व निवासी असावे आणि विद्यार्थ्यांनी श्रम करून शिकावे, अशी त्यामागील कल्पना होती. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र महाविद्यालयीन पातळीवर येथे रुजले. लवकरच त्याची कसोटीही लागली. १९४८ च्या सुमारास मतभेदाच्या प्रसंगातून शासकीय अनुदान काही काळ थांबले, तेव्हा खेड्यापाड्यांतील लोकांच्या मदतीवर संस्था तगली आणि अनुदान पुनश्च सुरू झाले. विद्यार्थ्यांस जे शिकविले जात होते, तेच संस्थेने स्वतःच्या बाबतीत करून दाखविले, असे म्हणता येईल. १९५४ साली कऱ्हाडास सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय निघाले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले. स्वतः मॅट्रिकपर्यंतही न पोचलेल्या या गृहस्थास त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी. लिट्. पदवी दिली होती.

शाहू बोर्डिंगमधून पुढे आलेल्या विद्यार्थ्यांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे उदाहरण येथे पुरेसे आहे. ते विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्याच कार्यास लागले आणि पुढे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ‘कमवा आणि शिका’ योजनेस विद्यापीठात स्थान दिले. अशा रीतीने वसतिगृहात जन्मलेली पद्धत विद्यापीठाच्या अंगणापर्यंत पोचली.

५. औरंगाबाद : महाविद्यालयच आपले

पदवी मिळाली की प्रश्न सुटतो, ही समजूत किती भ्रामक आहे याचा अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यास आला. कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या या विद्वानास बडोदे शहरात राहण्यास जागा मिळेना. पारशी लोकांच्या एका उतारगृहात त्यांनी आश्रय घेतला आणि जात कळताच तेथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. शिक्षण आणि छप्पर यांचा संबंध त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने अल्पावधीतच, १९२५ च्या जानेवारीत, सोलापूर येथे वसतिगृह काढले, यात आश्चर्य नाही.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. तिच्या वतीने २० जून १९४६ रोजी मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. वेळापत्रकातील हा बदल लहान दिसतो. पण विद्यार्थ्याने संस्थेच्या वेळेनुसार आपले जीवन बदलावे, या जुन्या अपेक्षेच्या जागी संस्थेने विद्यार्थ्याच्या जीवनानुसार आपली वेळ बदलावी, हे नवे तत्त्व त्यात होते. त्याच सुमारास, १९४४ साली, भारत सरकारने अस्पृश्य वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या. पुढे त्या आदिवासी व इतर मागास वर्गांतील विद्यार्थ्यांनाही लागू झाल्या. शिष्यवृत्तीमुळे विद्यार्थ्याच्या हाती पैसा आला. आता त्याला जाण्यासारखी जागा हवी होती.

मराठवाड्यात ही जागा १९५० साली निर्माण झाली. निजामी राजवटीत या विभागातील विद्यार्थ्यास पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. अशा प्रदेशात सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. पुढे त्यास ‘मिलिंद महाविद्यालय’ आणि परिसरास ‘नागसेनवन’ ही नावे मिळाली. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद बौद्ध वाङ्मयात प्रसिद्ध आहे. राजाने प्रश्न विचारावेत आणि भिक्षूने त्यांची उत्तरे द्यावीत, अशा त्या संवादावरून नाव घेण्यात एक अर्थ होता. ज्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता, त्यांच्यासाठी ही संस्था होती.

मिलिंद महाविद्यालय कोणत्याही एका जातीसाठी नव्हते. विद्यार्थी अनेक समाजांतील होते, अध्यापकही अनेक समाजांतील होते. परंतु येथे कोल्हापूर-सातारा येथील प्रयोगांहून एक मूलगामी फरक होता. वसतिगृहात विद्यार्थी संध्याकाळी परत येतो; दिवसभर तो ज्या वर्गात बसतो, त्या वर्गाची रीत वेगळी असू शकते. मिलिंदमध्ये वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह आणि रंगमंच या सर्वांचीच रचना पहिल्या पिढीचा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून झाली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि १९५५ साली महाविद्यालयात त्याचा प्रयोग झाला. आपल्या पूर्वजांची कथा रंगमंचावर आणणे, आणि तीही महाविद्यालयाच्या अधिकृत कार्यक्रमात, ही गोष्ट त्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अभ्यासक्रमातील कोणत्याही पाठाहून मोठी होती. आपला अनुभव लाज वाटण्याचा विषय नसून तो सांगण्याजोगा आहे, हा बोध त्यातून मिळतो. पुढील दशकात याच परिसरातून दलित साहित्याच्या चळवळीस बळ मिळाले, आणि तेथे अध्यापन केलेल्या डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने नव्या लेखकांची एक पिढी घडविली. विद्यार्थ्यांच्या टिकावाचा हा एक वेगळा पुरावा आहे. जे केवळ तगून राहिले नाहीत, तर तगण्याच्या अनुभवास ज्यांनी शब्द दिले, त्यांचा तो पुरावा होय.

मात्र या यशाचे वर्णन करताना त्याची सीमा विसरता येत नाही. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९७८ साली या विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि शहरांतील दलित विद्यार्थ्यांनाही त्याची झळ पोचली. नामविस्तार प्रत्यक्षात येण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या सोळा वर्षांत या विद्यार्थ्यांनी जो धीर दाखविला, तो थोर आहे. परंतु असा धीर दाखविण्याची वेळ त्यांच्यावर यावी, हे समाजाच्या दृष्टीने भूषणावह नाही. एका परिसराच्या आत सामावून घेण्याची रीत कितीही पक्की असली, तरी परिसराबाहेरील समाज बदलला नाही तर तिचा भार अखेर विद्यार्थ्याच्याच खांद्यावर पडतो.

६. तुलना आणि निष्कर्ष

तीनही प्रयोगांचा एकत्र विचार केल्यास काही गोष्टी निश्चितपणे मांडता येतात.

प्रथम, विद्यार्थ्यांतील विविधता आपोआप बळ देत नाही. १८९६ च्या कोल्हापुरातील वसतिगृहात विविधता नियमाने होती. ती काही वर्षांत विरून गेली. विविधतेस टिकविणारी व्यवस्था नसेल, तर संख्येने वा परंपरेने प्रबळ असलेला समाज त्या जागेस आपले रूप देतो आणि इतर निघून जातात. याउलट साताऱ्यातील विविधता बळ देऊ शकली, कारण श्रम, अन्न आणि जबाबदारी या तीनही बाबतींत तेथे समानता होती.

दुसरे असे की, आपल्या माणसांचे वेगळे घर आणि सर्वांचे एकत्र घर यांपैकी एकच योग्य, असे इतिहासावरून सांगता येत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या पाठीशी कोणतीही परंपरा नाही, त्याला आरंभी आपल्या माणसांत सावरण्याची गरज असते. पण ते घर कायमचे वास्तव्य झाले, तर त्याचे कुंपण होते. कोल्हापूरच्या धोरणाची थोरवी त्यातील क्रमात आहे. त्याचा धोका तो क्रम अर्ध्यावर सोडण्यात आहे. महाराजांनंतर अनेक ठिकाणी नेमके हेच घडले. वसतिगृहे राहिली आणि पुढचा टप्पा विसरला गेला.

तिसरे, ज्यास विद्यार्थ्याचा चिवटपणा म्हटले जाते, तो बव्हंशी सामाजिक व्यवस्थेतून उत्पन्न होतो. माधुकरीवर शिकलेला विद्यार्थी आणि वसतिगृहात दळण दळून शिकलेला विद्यार्थी या दोघांचीही जिद्द खरी. पण दोघांच्याही पाठीशी एक व्यवस्था उभी होती. पहिल्याची व्यवस्था जुनी व परिचित असल्यामुळे ती कोणाच्या नजरेत भरली नाही आणि सारे श्रेय त्याच्या गुणांस मिळाले. दुसऱ्याची व्यवस्था नवी असल्यामुळे ती सवलत म्हणून ओळखली गेली. सवलत आणि गुण यांविषयीच्या आजच्या अनेक वादांचे मूळ या दृष्टिदोषात आहे.

या निष्कर्षांचा वर्तमानाशी संबंध स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांत समानतेस चालना देण्यासाठी नियम केले. महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून ‘स्वाधार’ योजनेद्वारे, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याचा खर्च रोख स्वरूपात देण्यास आरंभ केला. ही रक्कम आवश्यकच आहे. परंतु भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यास वरच्या वर्गातील सोबती, आजारपणात उशाशी बसणारा मित्र आणि एकाच पंगतीत जेवणारी परजातीची मुले त्या रकमेतून मिळत नाहीत. वसतिगृहाचे कार्य खोली व जेवण एवढेच मानले, तर त्याची किंमत रुपयांत ठरविता येते; कोल्हापूर, सातारा आणि औरंगाबाद येथील इतिहास पाहता ते तेवढेच कधीच नव्हते.

विद्यापीठात किती समाजांतील विद्यार्थी दाखल झाले, हे पटावरून कळते. त्यांपैकी किती जण पहिल्या अपयशानंतरही परत वर्गात येऊन बसले, आणि त्यांना परत येण्याजोगे घर कोणी दिले, हे पटावरून कळत नाही. शिक्षणाच्या इतिहासकाराने यापुढे अधिक शोध घ्यावयाचा तो या दुसऱ्या प्रश्नाचा. त्यासाठी लागणारी साधने, म्हणजे वसतिगृहांची हजेरीपत्रके, वर्गणीच्या वह्या, कोठीघराचे हिशेब आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी, अनेक ठिकाणी अद्याप शिल्लक असण्याचा संभव आहे. ती नष्ट होण्यापूर्वी एकत्र करणे हे इतिहास-विभागांचे आजचे तातडीचे कर्तव्य होय.